जंगलातली झाडं तपासायला येताय? आधी हे वाचा (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

दर जूनमध्ये मी आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकते की जुलैत रोगाने वाळत चाललेली ॲशची झाडं बघायला चला, आणि दर जूनमध्ये तेच ते प्रश्न येतात, वर दोन-दोन मिनिटांच्या व्हॉइस नोट. म्हणून या वर्षी एकदाचं सगळं लिहून काढलंय. आम्ही म्हणजे इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशरमध्ये चिल्टर्न टेकड्यांच्या कडेला राहणारा एक छोटासा गट, निम्मे इथले रिटायर झालेले आजी-आजोबा आणि निम्मे आपल्यासारखे, आठवडाभर लॅपटॉपसमोर बसून शनिवारी पाय मोकळे करायला निघालेले. मी काही वनस्पतीशास्त्रवाली नाही, सहा वर्षं हे करतेय एवढंच.

हे नक्की असतं काय? ट्रेक आहे का?

ट्रेक नाही, आधीच सांगते, कारण मागच्या वेळी दोघं जण पोल आणि हायड्रेशन बॅग घेऊन आले आणि तीन तासांत आम्ही जेमतेम दीड किलोमीटर चाललो. आपण एका ठरलेल्या वाटेने जातो, वाटेवर ६० झाडांना नंबर दिलेत, प्रत्येक झाडापाशी थांबायचं, वर बघायचं, खोड बघायचं, कागदावर लिहायचं, फोटो काढायचा, पुढे. दर वर्षी तीच ६० झाडं. बोअर होतं का? पहिल्या वर्षी होतं. दुसऱ्या वर्षापासून आपण ओळखीच्या माणसांकडे चक्कर मारायला गेल्यासारखं वाटायला लागतं.

ॲश म्हणजे कुठलं झाड? आपल्याकडे असतं का?

राखेशी काही संबंध नाही. आणि हो, 'ॲशेस'शीही नाही, पण क्रिकेटशी आहे. बॅट विलोची असते हे सगळ्यांना माहीत असतं, स्टंप मात्र बहुतेक वेळा ॲशच्या लाकडाचे असतात. लवचिक आणि चिवट लाकूड, त्यामुळे कुऱ्हाडीचे, फावड्याचे दांडे पण याचेच. आपल्या सह्याद्रीत हे झाड नाही, हिमालयात त्याचे भाऊबंद आहेत. मात्र कुळ बघितलं तर ॲश, ऑलिव्ह, मोगरा, जाई-जुई आणि आपला पारिजातक सगळे एकाच कुळातले. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विश्वास बसला नव्हता, अंगणातला तो नाजूक पारिजातक कुठे आणि हा तीस मीटर वाढणारा दांडगा गडी कुठे.

इथल्या जंगलात, शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला, रेल्वेच्या उतारावर, सगळीकडे ॲश आहे. नऊशेच्या वर वेगवेगळे जीव या झाडाच्या आधाराने राहतात, शेवाळं, दगडफूल, किडे, पक्षी वगैरे, आणि त्यातले ४५ तर फक्त ॲशवरच जगतात. झाड गेलं की तेही गेले.

त्याला झालंय काय?

ॲश डायबॅक. बुरशी आहे, शास्त्रीय नाव हायमेनोसायफस फ्रॅक्सिनियस, हे पाठ करायची गरज नाही. आपल्याकडचा शेतकरी याला सरळ शेंडेमर म्हणेल, कारण होतं तसंच, शेंड्याकडून वाळायला सुरुवात होते आणि वाळण खाली खाली उतरत येते.

मूळ पूर्व आशियातली बुरशी. तिकडच्या ॲशच्या जाती आणि ही बुरशी हजारो वर्षं शेजारी शेजारी नांदतायत, कुणाचं काही बिघडत नाही. युरोपातल्या ॲशने तिला कधी बघितलंच नव्हतं. १९९२ मध्ये पोलंडमध्ये झाडं वाळताना पहिल्यांदा लक्षात आली, मग एकेक देश करत पश्चिमेकडे. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०१२ मध्ये आमच्याच बकिंगहॅमशरमधल्या एका नर्सरीत, नेदरलँड्सहून आलेल्या रोपांवर सापडली. त्या वर्षीच्या शरद ऋतूत नॉरफोकमध्ये ॲशवेलथॉर्पच्या जंगलात, म्हणजे कुणी न लावलेल्या झाडांवर सापडली, आणि ऑक्टोबरच्या शेवटी सरकारने ॲशची रोपं आयात करायला बंदी घातली. बैल गेला नि झोपा केला. नंतर अभ्यास करणाऱ्यांनी झाडांच्या वाढीची वर्तुळं बघून दाखवलं की बुरशी २०१२ च्या कितीतरी वर्षं आधीपासून इथे होती. म्हणजे झाडं वाळत होती, लोक त्यांच्याखालून कुत्री फिरवत होते, आणि कुणी मान वर करून बघितलं नव्हतं. मला जेव्हा कुणी विचारतं की तुम्ही हौशी लोक बघून असा काय फरक पडणार, तेव्हा मी हेच सांगते.

पसरते कशी?

मागच्या वर्षी गळून पडलेल्या पानांचे देठ जमिनीवर असतात ना, त्या काळ्या पडलेल्या देठांवर उन्हाळ्यात बारीक पांढऱ्या छत्र्या येतात, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. त्यातून बीजाणू उडतात, वाऱ्याबरोबर मैलोन्‌मैल जातात, हिरव्या पानावर बसतात, पानातून देठात, देठातून फांदीत शिरतात. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हा कारभार. वाऱ्यावर आहे म्हटल्यावर कुंपण घालून काही उपयोग नाही.

मला झाडांतलं ओ की ठो कळत नाही. आलं तर चालेल?

चालेल काय, या. ज्याला आधीच सगळं माहीत असतं तो पुष्कळदा न बघताच लिहितो. तुम्हाला दोन गोष्टी यायला हव्यात, एक म्हणजे ॲश ओळखणं, आणि दुसरी म्हणजे जे दिसतंय तेच लिहिणं. पहिली अर्ध्या तासात येते. दुसरीला वेळ लागतो, मला अजून लागतो.

मग ॲश ओळखायचं कसं?

हिवाळ्यात सगळ्यात सोपं. कळ्या काळ्या असतात, एकदम मॅट काळ्या, काजळ लावल्यासारख्या, आणि समोरासमोर जोडीने. इथल्या दुसऱ्या कुठल्या झाडाला अशा कळ्या नाहीत. उन्हाळ्यात पान बघा, एका देठावर साधारण नऊ ते तेरा पानोळ्या, समोरासमोर, टोकाला एक सुटी, बरंचसं कडुलिंबासारखं मांडणं पण पानोळ्या रुंद आणि दातरी बारीक. फांदीवर पानंसुद्धा समोरासमोर येतात, हे महत्त्वाचं, कारण 'माउंटन ॲश' नावाचं जे झाड आहे, लाल फळांचं, त्याची पानं दिसतात अशीच पण फांदीवर एक इकडे एक तिकडे येतात. ते ॲश नाहीच, त्याचं खरं नाव रोवन, आणि ते गुलाबाच्या कुळातलं. नावावर जाऊ नका.

बिया घोसाने लटकतात, त्यांना इथे 'कीज' म्हणतात, किल्ल्यांचा जुडगा. वाळल्यावर त्या तपकिरी होतात आणि लांबून मेलेल्या पानांसारख्या दिसतात. दर वर्षी कुणीतरी घाबरून ओरडतं, "ताई, हे गेलं!" गेलं नाही, किल्ल्या आहेत.

रोगाची लक्षणं कुठली?

वरून खाली बघत या. शेंड्याकडच्या बारीक फांद्या बोडक्या, पानं फक्त आतल्या बाजूला झुपक्या-झुपक्याने. भर उन्हाळ्यात काळी पडून लोंबणारी पानं, करपा पडल्यासारखी. मग खोडावर किंवा जाड फांदीवर, जिथे बारीक मेलेली फांदी जोडलेली असते त्या सांध्यावर, शंकरपाळीच्या आकाराचा खोलगट डाग, तपकिरी-भुरकट, साल बसलेली. ही शंकरपाळी दिसली की बाकी काही शोधायची फारशी गरज उरत नाही, आणि ती लहान झाडांवर छान दिसते कारण साल गुळगुळीत असते. मोठ्या झाडावर दुर्बीण लागते. शिवाय खोडातूनच मध्ये मध्ये कोवळ्या फांद्यांचे फुटवे येतात, झाड घाबरून जिथून जमेल तिथून पानं काढायला बघतं.

एक लक्षण असून चालत नाही. दुष्काळानेही शेंडे वाळतात, मुळांशी कुणी खोदलं तरी वाळतात.

कागदावर लिहायचं काय?

झाडाचा नंबर, तारीख, आणि वर्ग १ ते ४. वर्ग म्हणजे झाडाचा किती माथा शिल्लक आहे. पूर्ण ते ७५ टक्के असेल तर १, ७५ ते ५० असेल तर २, ५० ते २५ असेल तर ३, त्याच्याखाली ४. ही पद्धत इथल्या काउन्सिलवाले आणि झाडांवर काम करणारे बरेच जण वापरतात, त्यामुळे आपले आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात.

टक्के कसे ठरवायचे हा खरा प्रश्न. सूर्य पाठीमागे ठेवा, झाडापासून त्याच्या उंचीएवढं लांब उभं राहा, आणि विचारा की हे झाड धडधाकट असतं तर किती दाट असतं, त्यातलं किती उरलंय. चाळणीतून आभाळ दिसावं तसं दिसतंय की भोकंच भोकं पडलीत. दोघांनी वेगवेगळं लिहायचं, एकमेकांना न सांगता, मग ताडून बघायचं. फरक आला तर भांडायचं नाही, दोन्ही आकडे लिहायचे. आमच्याकडे एक आजोबा आहेत ते कायम एक वर्ग वाईट लिहितात आणि मी कायम एक वर्ग चांगला, आता आम्हाला दोघांनाही ते माहीत झालंय त्यामुळे जोडीने पाठवतात.

फोटो त्याच जागेवरून. जागा कशी लक्षात ठेवायची तर वाटेवर खुंट्या आहेत, खुंटीपाशी उभं राहून काढा. दर वर्षी वेगळ्या कोनातून काढलेला फोटो इन्स्टाला चांगला, आम्हाला निरुपयोगी.

झाड चांगलं असेल तर सोडून दिलं तर चालेल ना?

नाही! नाही म्हणजे नाही. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो म्हणून जरा लांब लिहिते.

माणूस आजार शोधायला निघाला की त्याला आजारी झाडच दिसतं. ते सापडलं की आनंद होतो (विचित्र आहे, पण होतो), फोटो निघतात, ग्रुपवर टाकले जातात. हिरवंगार झाड मात्र लोक ओलांडून जातात, तिथे लिहायला काय आहे. आणि आम्हाला नेमकं तेच हवं असतं. ॲशची ८० टक्क्यांपर्यंत झाडं जातील असा इथला अंदाज आहे. तो खरा धरला तर जी थोडी टिकतील ती का टिकली, त्यांच्यात काय वेगळं आहे, हाच पुढचा सगळा खेळ आहे. टिकलेलं झाड ओळखायला एक वर्षाची नोंद पुरत नाही. या वर्षी हिरवं आहे, म्हणजे रोग पोचला नसेल, नशीब असेल. शेजारची दहा झाडं वाळली आणि हे सहा वर्षं ओळीने वर्ग १ मध्ये आहे असं कागदावर असेल तर त्या झाडाकडे कुणीतरी येऊन बघतं.

हे हवेतलं नाही. नॉरफोकमध्ये सुमारे दोनशे वर्षांचं एक ॲश आहे, त्याला लोकांनी 'बेटी' असं नाव दिलंय, आजूबाजूला रोग असून ते बऱ्यापैकी तगून होतं, तर २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्यासारख्या झाडांच्या जनुकांवरून रोगाला कमी बळी पडणारी झाडं ओळखायचा मार्ग दाखवला. २०२० च्या सुरुवातीला हॅम्पशरमध्ये अशाच तग धरणाऱ्या झाडांची कलमं एकत्र लावून ठेवली, तीन हजारांच्या वर. आणि २०२५ मध्ये सरेमधल्या मार्डन पार्कच्या जंगलातल्या अभ्यासातून दिसलं की रोग आल्यानंतर आपोआप उगवलेल्या पोरसवदा ॲशमध्ये, त्यांच्या आईबापांच्या पिढीपेक्षा, रोगाला तोंड द्यायची ताकद थोडी जास्त आहे. थोडी. पण आहे.

आमच्या वाटेवरचं १७ नंबरचं झाड दोन वाळलेल्या झाडांच्या मध्ये उभं आहे आणि सहाही वर्षं हिरवंगार. पहिली तीन वर्षं तिथे कुणीतरी नुसतं 'ठीक' असं लिहून ठेवलं होतं, वर्ग नाही, फोटो नाही, आणि ते कुणीतरी म्हणजे मीच. त्यामुळे आज त्या झाडाच्या धड तीन वर्षांच्याच नोंदी आहेत. हा चटका अजून बसतो.

जुलै-ऑगस्टच का? मे मध्ये किती छान हवा असते, ब्लूबेल्सची निळी फुलं पण असतात.

ब्लूबेल्स बघायला जरूर जा, वाटेवरूनच, तुडवू नका आणि कंद तर उपटूच नका, कायद्याने संरक्षण आहे त्यांना. पण ॲश हे आळशी झाड आहे. बाकी सगळ्यांना पालवी फुटली तरी हे मेच्या शेवटापर्यंत बोडकं उभं असतं, आणि ऑक्टोबर आला की सगळ्यांच्या आधी पानं टाकून मोकळं, बऱ्याचदा हिरवीच टाकतं. त्यामुळे जुलै ते ऑगस्ट, फार तर सप्टेंबरचा पहिला आठवडा, एवढीच खिडकी.

माझं पहिलं वर्ष. उत्साहात मेच्या तिसऱ्या आठवड्यात एकटीच गेले, ४० झाडं बघितली, त्यातली ३१ 'गंभीर आजारी' लिहिली, रात्री झोप लागली नाही, सगळ्यांना लांबलचक मेल पाठवला. जुलैत परत गेलो तर त्यातली बहुतेक मस्त डवरलेली. त्या मेलवरून मला अजून चिडवतात.

रोग सापडला की औषध फवारतात का?

जंगलातल्या ॲशवर चालेल असं औषध नाही. बीजाणू वाऱ्यावर, झाडं लाखोंनी, फवारणार कुठे कुठे. एखाद्या बागेतल्या लाडक्या झाडाखालची गळलेली पानं उचलून जाळली किंवा नीट कुजवली तर त्या झाडावरचा भार थोडा कमी होतो, इतकंच.

मग ती झाडं तोडतात?

डायबॅकसाठी तोडलंच पाहिजे असा नियम नाही, आणि सरसकट तोडू नका असंच सांगतात, कारण न तपासता तोडलेल्यांत तगणारी पण जातात. रस्त्याच्या, शाळेच्या, पायवाटेच्या कडेचं झाड मात्र काढावं लागतं कारण ते माणसावर पडू शकतं. जंगलाच्या आत जे मरतं ते तसंच उभं ठेवलं तर सुतारपक्ष्यांची आणि वटवाघळांची सोय होते. काही रोगांचं वेगळं आहे. लार्च नावाचं सूचिपर्णी झाड आहे, पानं गाळणारं, त्याला फायटोफ्थोरा रॅमोरम झाला की सरकारी नोटीस येते आणि तोडावंच लागतं. २००९ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात लार्चवर तो सापडला आणि नंतर साउथ वेल्समध्ये डोंगरच्या डोंगर साफ झाले.

ॲश सोडून बाकी काय बघायचं?

ओक बघायचा. खोडाच्या सालीला उभ्या चिरा आणि त्यातून काळपट पाणी ओघळतंय का, आणि सालीला इंग्रजी 'डी' अक्षरासारखी तीन-एक मिलिमीटरची भोकं आहेत का. दोन्ही असेल तर फोटो, जागा, आणि लगेच मला सांगा.

आमचे बाबा दोन वर्षांपूर्वी सहा महिन्यांसाठी आले होते. वरुडकडचे, संत्र्याची बाग. ओकवर ते ओघळ बघितल्या बघितल्या म्हणाले, "हा तर डिंक्या." मी म्हटलं बाबा, हे संत्रं नाही. पण अगदीच चूक नव्हतं हो त्यांचं. ओकच्या त्या आजारात मुख्य हात जिवाणूंचा आणि एका भुंग्याचा असतो, मात्र संत्र्यावर डिंक्या करणारी फायटोफ्थोरा आणि लार्चला मारणारी फायटोफ्थोरा या सख्ख्या बहिणी. दोघींना ओल हवी, दोघी चिखलातून आणि पाण्यातून फिरतात. बाबांनी मग सगळ्या गटाला बोर्डो पेस्ट कशी लावतात ते खोडावर हात फिरवून दाखवलं, मोरचूद आणि चुना, आणि इथले आजोबा लोक वहीत लिहून घेत होते. त्या दिवशी ॲश राहिलेच.

ओकवर पांढरी पावडर दिसली तर ती भुरी, द्राक्षावर येते त्याच जातकुळीतली, मोठ्या झाडाला फार काही करत नाही.

आणि ओकवर सुरवंटांची रांग किंवा जाळ्याचं घरटं दिसलं तर हात लावायचा नाही, फुंकर मारायची नाही, काडीने ढोसायचं नाही, मुलांना मागे ओढा. ओक प्रोसेशनरी मॉथ. २००६ पासून लंडनमध्ये आहे आणि हळूहळू बाहेर सरकतोय. त्याचे केस म्हणजे खाजकुयली परवडली, अंगावर पुरळ, डोळे लाल, दम्याच्या माणसाला त्रास. लांबून फोटो, बस.

पानावर डाग दिसला की रोग समजायचा का?

साप म्हणून भुई धोपटू नका. सिकॅमोरच्या पानांवर काळे डांबराचे थेंब पडल्यासारखे डाग असतात, दिसायला भयानक, झाडाला काही होत नाही. हॉर्स चेस्टनट जुलैतच तपकिरी होतो, लोक म्हणतात मेलं, तर ती पानं पोखरणारी अळी आहे, २००२ मध्ये विम्बल्डनला पहिल्यांदा दिसली, आता सगळीकडे. झाड पुढच्या वर्षी परत हिरवं.

सापडलं तर कुणाला कळवायचं?

'ट्री-अलर्ट' नावाचा ऑनलाइन फॉर्म आहे, फॉरेस्ट रिसर्चचा. कुणीही भरू शकतं, खातं उघडायचं, नकाशावर टाचणी लावायची, फोटो चढवायचे. तिकडे खरे रोगतज्ज्ञ बसलेत, ते बघतात आणि उत्तर देतात. नॉर्दर्न आयर्लंडसाठी 'ट्री-चेक' हे वेगळं. फोटो तीन पाहिजेत, पूर्ण झाड, रोगट भाग, आणि जवळून एक ज्यात शेजारी नाणं किंवा पेन ठेवलंय म्हणजे माप कळतं. नुसता अंधुक क्लोजअप पाठवला तर तो भाजलेल्या वांग्याचा पण असू शकतो.

ॲश डायबॅक आता जवळजवळ सगळ्या देशभर आहे म्हणून त्याची नोंद आपण आपल्या कागदावर ठेवतो, ट्री-अलर्ट बाकीच्यांसाठी. ज्यांना याच्याही पुढे जायचंय त्यांच्यासाठी 'ऑब्झर्व्हाट्री' म्हणून नेटवर्क २०१३ मध्ये सुरू झालं, त्यात स्वयंसेवकांना रीतसर ट्रेनिंग देऊन ठरावीक रोग-किडींवर नजर ठेवायला लावतात.

बूट का धुवायचे? जंगलातच तर चाललोय.

म्हणूनच. वर म्हटलं ना, फायटोफ्थोरा चिखलातून फिरते. तुम्ही गेल्या रविवारी वेल्सला फिरून आलात आणि तोच चिखल घेऊन आमच्या जंगलात आलात तर आपणच रोगाचे कुरिअर झालो. येण्याआधी घरी ब्रशने माती पूर्ण काढा, बूट वाळू द्या, गेटवर आम्ही जंतुनाशक स्प्रे मारतो. माती असलेल्या बुटावर स्प्रे मारून उपयोग नसतो, म्हणून आधी ब्रश. परत जाताना पुन्हा तेच. गाडीच्या टायरचं पण बघा.

धोका आहे का काही?

आहे, आणि हे गंमतीत घेऊ नका. डायबॅक झालेल्या ॲशचं लाकूड ठिसूळ होतं, वर मुळाशी दुसरी बुरशी लागली तर अख्खं झाड काही आवाज न करता आडवं होतं. वर्ग ३ आणि ४ च्या झाडाखाली उभं राहायचं नाही, लांबूनच बघायचं. वारा जोरात असेल तर त्या दिवशी रद्द, मी सकाळी सातला ग्रुपवर टाकेन. झाडावर चढायचं नाही, फांदी ओढायची नाही. ढोलीत हात घालायचा नाही, आत वटवाघळं असतात आणि त्यांना त्रास देणं गुन्हा आहे.

गोचीड. गवतात असतात, चावल्याचं कळत पण नाही. फुल पँट, मोजे वरून ओढलेले, घरी गेल्यावर गुडघ्याच्या मागे, काखेत, मुलांच्या केसांत बघा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायची, तेल-तूप-काडेपेटी काही नको. नंतर पुढच्या काही आठवड्यांत गोल पसरत जाणारा लाल डाग दिसला किंवा ताप आला तर जीपीकडे जाऊन गोचीड चावली होती हे स्पष्ट सांगा, लाइम नावाचा आजार असतो आणि वेळेवर औषध मिळालं तर बरा होतो.

मुलांना आणू का? आणि आई-बाबा आलेत इंडियातून.

दोघांनाही आणा. मुलं शंकरपाळी शोधण्यात आपल्यापेक्षा तरबेज असतात, त्यांची नजर खाली असते आणि लहान रोपं पण खालीच असतात. आई-बाबांसाठी वाट सपाट आहे, मध्ये दोन ठिकाणी बाक आहेत, पण स्टाइल म्हणजे कुंपणावरची लाकडी पायरी एका जागी ओलांडावी लागते, गुडघ्याचा त्रास असेल तर आधी सांगा, आपण गेटकडून घेऊ. साडी नको, झुडपं ओढतात.

इतर कुठल्याही जंगलात जाऊन हे करू शकते का?

पायवाटेवरून बघायला कुणाची परवानगी लागत नाही. वाट सोडून आत शिरायचं, झाडाला टॅग ठोकायचा, तर मालकाची परवानगी पाहिजे, आणि इथे जंगलाला मालक असतो, बऱ्याचदा एखादा शेतकरी. स्कॉटलंडला २००३ च्या कायद्याने हिंडायची मोकळीक आहे, इंग्लंडमध्ये नाही तशी.

थोडं वेगळं विचारते, आईने बॅगेतून कढीपत्त्याचं रोप आणलं तर काय होतं?

हा प्रश्न दर वर्षी खासगीत येतो, ग्रुपवर कुणी विचारत नाही. बिनकागदाचं रोप आणायचं नाही, कढीपत्ता नाही, तुळस नाही, कुंडीतली ती 'मूठभर घरची माती' तर अजिबातच नाही. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोप निरोगी असल्याचा सरकारी दाखला लागतो आणि काही झाडांना तर त्याने पण परवानगी मिळत नाही. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्या कुळातला आहे, संत्र्याच्या बागा उजाड करणारा रोग पसरवणारे तुडतुड्यासारखे किडे त्याच्यावर मजेत राहतात. मला कळतं हो, इथल्या दुकानातल्या पाकिटाला तो वास नसतो. पण ॲशचं काय झालं ते वर वाचलंत ना, रोपांच्या ट्रकमधूनही आलं ते.

भारतात असं करता येईल का?

रोगांसाठीच अशी सलग नोंद ठेवणारं मला ओळखीचं कुणी नाही, पण 'सीझनवॉच' मध्ये लोक आपल्या दारातल्या झाडाला पालवी, फूल, फळ कधी येतं ते दर आठवड्याला लिहितात, मराठी माणसंही लिहितात, सवय लागायला उत्तम. २०२१ मध्ये तेलंगणात कडुलिंब शेंड्याकडून वाळले तेव्हा लोकांना वाटलं कडुलिंब संपला. पुष्कळ झाडांना नंतर पालवी फुटली. तुमच्या गावच्या पारावरच्या कडुलिंबाचा दर वर्षीचा एक फोटो, त्याच जागेवरून, एवढं जरी कुणी ठेवलं असतं तरी तेव्हा बोलायला काहीतरी हातात असतं. म्हणून मी बाबांना लावलंय कामाला, ते बागेतल्या विहिरीजवळच्या कडुलिंबाचा फोटो दर दिवाळीला पाठवतात. अर्ध्या फोटोंत त्यांचं बोट आलेलं असतं.

पावसात पण असतं का?

रिमझिम असेल तर हो. इंग्लंड आहे. कागद भिजतो म्हणून पेन्सिल आणा, पेन चालत नाही, आणि क्लिपबोर्डवर घालायला एक प्लॅस्टिकची पिशवी.

खाण्याचं काय? टॉयलेट?

टॉयलेट नाही, वाटेत पब आहे त्यांच्याकडे विचारून जाता येतं, निदान एक कॉफी घ्या. डबा आपापला. मागच्या वर्षी कुणीतरी तिखटमिठाच्या पुऱ्या आणल्या होत्या त्या ३४ नंबरच्या झाडापाशी संपल्या आणि ३५ ते ४० च्या नोंदींवर तेलाचे डाग आहेत, तर या वेळी खाणं बाकापाशी, सगळे कागद बॅगेत गेल्यावर. सकाळी साडेनऊला गेटपाशी, बूट स्वच्छ.